टाके घातलेली पानं

आमच्या अकोल्याच्या घरी दर दिवाळीला एक तरी खून व्हायचा आणि तो आम्ही चिवडा खात खात सोडवायचो.

आमच्याकडे दिवाळीला लक्ष्मीपूजन नसतं. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून ते सुटलं. आमचे मोठे दिवस वेगळे. पण सुट्टी सगळ्या गावाला असते आणि चिवडा कोणाला आवडत नाही? बाबा म्हणायचे, "आपल्याले पूजा नाई, सुट्टी हाये. सुट्टीत वाचाव." मग ते बसस्टँडवरच्या दुकानातून रहस्यकथांचा दिवाळी अंक आणत आणि त्यातली सगळ्यात लांब कथा दुपारी थोडी थोडी मोठ्यानं वाचून दाखवत. मला घरगुती खून आवडायचा, रक्त थोडं आणि चहा भरपूर असलेला. भावाला पाठलाग, बॉम्ब, गुप्तहेर असलं काहीतरी लागायचं. भांडून भांडून शेवटी माझाच खून वाचला जायचा, कारण मी मोठी.

हा भाऊ चोरून शेवट वाचायचा आणि मग आमच्यासमोर अक्कल पाजळायचा. आईनं ते ओळखलं. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिनं सुईदोरा काढला आणि अंकाच्या शेवटच्या पानांना टाके घालून टाकले. जखमेला घालतात तसे, एकेक सुटा, प्रत्येकाला गाठ. तेव्हापासून तो आमच्या घरचा रिवाजच झाला. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकानं खुनी कोण आणि कशावरून, ते सांगायचं. मग आई कात्रीनं टाके काढणार आणि बाबा शेवट वाचणार. बाबा गेले, पण हे काही आम्ही मोडलं नाही. मी अमरावतीहून येते, भाऊ पुण्याहून.

यंदा मात्र भाऊ आला तो खिशात आईचं पुण्याचं तिकीट घेऊनच.

"ताई, आता तिला एकटं ठेवणं बरोबर नाही," त्यानं मला गच्चीवर नेऊन सांगितलं. "ती विसरायला लागलीय. शेवटच्या दिवशी मी सांगणार आहे तिला. तू मध्ये पडू नकोस." पुण्यात राहून त्याचं वऱ्हाडी 'करून राहिलो' सुटलंय. चिडला की तेवढं परत येतं.

मला राग आला. आई अकोला सोडून पुण्याच्या सातव्या मजल्यावर काय करेल? पण मला त्याच्याशी भांडता येईना, कारण उन्हाळ्यातली ती दुपार मला आठवत होती. त्या दिवशी भाऊ आईला फोन लावत होता आणि ती उचलत नव्हती. त्यानं घाबरून मला कळवलं. मी शाळेत हाफ डे टाकून मिळेल ती एसटी पकडली. मूर्तिजापूरपर्यंत मनातल्या मनात आईला किती वेळा पडलेली पाहिली ते मला विचारू नका. अकोल्याला पोचले तर बाईसाहेब आरामात कांदे चिरत बसलेल्या. मी दारातूनच सुरू झाले, फोन कुठे आहे, जीव गेला असता आमचा, तुला काही वाटतं का. शेवटी फोन सापडला तो ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेला. "राहून गेला असन," एवढंच ती म्हणाली आणि कांदे चिरत राहिली.

तर आता सुट्टीत भाऊ पुरावे गोळा करायला लागला. लहानपणापासून तेच खाऊनपिऊन वाढलेला माणूस तो. आणि खरं सांगायचं तर मीही त्याच्यासोबत शोधायला लागले, कारण सवय जाते कुठे. दुपारी आई फोन उचलत नाही, हे तर होतंच. आम्ही आलो तेव्हा ओट्यावर चहाचे दोन कप उपडे होते, घरात तर माणूस एकच. भावाचं म्हणणं, ती चहा पिते, विसरते आणि पुन्हा करते. साखर तर महिनाभरही पुरत नाही. मग एका सकाळी तो माझ्याकडे पांढरा पडून आला. आई स्वयंपाकघरात एकटीच बोलत होती, तेही हिंदीत. मी दाराआडून ऐकलं. आई पोळ्या लाटता लाटता म्हणत होती, "तो कल क्या हुआ था, चाचा सीढ़ी पे चढ़े, और नीचे पांच लोग."

हे काका यंदाच्या कथेतले. चिखलदऱ्याला दिवाळीच्या सुट्टीत एक कुटुंब जातं, काका शिडीवर चढून आकाशकंदील लावतात, पडतात आणि मरतात. शिडी काकू, लेक, जावई, डॉक्टर आणि स्वयंपाकी अशा पाचही जणांनी धरलेली. कथा झकास होती, पण म्हणून काय भिंतीला सांगायची? अन् तेही हिंदीत?

सगळ्यात जास्त मला टोचले ते टाके. अंक हातात घेतला तर शेवटच्या पानांना हिरव्या दोऱ्याची सलग, बारीक शिलाई. आईचे सुटे टाके नाहीत, गाठी नाहीत. जिनं आयुष्यभर टाके घातले ती टाकेच विसरली, असं वाटलं आणि मला बाथरूममध्ये जाऊन रडू आलं. बाहेर येऊन मी भावाला म्हटलं, सांग तू तिला, मी मध्ये पडत नाही.

शेवटचा दिवस उजाडला. जेवणं झाली, मधे चिवडा आला, मांडीवर अंक आणि हातात कात्री घेऊन आई बसली. भावानं घसा साफ केला. तिकीट त्याच्या शर्टाच्या खिशात होतं, मला दिसत होतं.

तेवढ्यात दार लोटून शेजारच्या आपा आल्या. या आपा साडीला फॉल-पिको करतात, आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. सगळी सुट्टी त्या अचलपूरला लेकीकडे होत्या, त्याच सकाळी परतल्या होत्या. खांद्याला शिवणाची पिशवी होती. आम्हाला "कसे आहे बेटा" म्हणाल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या, आपल्याच घरात जावं तशा. बाहेर आल्या, टेबलावरचा आईचा फोन उचलला, आपला फोन काढला, दोन्ही एका प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पुन्हा आत गेल्या आणि मला डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

भाऊ उठून पाहायला गेला. मीही गेले. आपा ज्वारीच्या पिठात पिशवी दाबत होत्या.

"हे काय करता, आपा?" भावानं विचारलं.

"सायलेंट केला तरी गुरगुर करते ना बेटा," आपा म्हणाल्या. "सिस्टर वाचते तवा मंग ध्यान तुटते." सगळी गल्ली आईला सिस्टरच म्हणते. मग त्या बाहेर येऊन बाबांच्या खुर्चीवर बसल्या, पिशवीतून साडी काढली आणि म्हणाल्या, "सिस्टर, मेरी सिलाई खोली तो नहीं ना अभी?"

आता मला कोणी काही सांगायची गरज उरली नाही. बाबा गेल्यानंतर आईला दुपार खायला उठायची. आपांची शाळा उर्दूची, मराठी कळते चांगली, वाचता येत नाही. आई मराठीत वाचते, अडलं तर हिंदीत समजावते आणि आदल्या दिवशीची आधी उजळणी करून घेते; सुट्टीत आपा लेकीकडे, तर आम्ही झोपल्यावर हेच सगळं त्यांना फोनवर सांगायची, म्हणून ती सकाळची तालीम. आपा ऐकतात आणि फॉल लावतात. चहा दोघींचा, त्यात आपांना साखर भरपूर. यंदा टाकेसुद्धा आईनं, त्या लेकीकडे जाण्याआधी, आपांनाच घालायला दिले, कारण ऐकणाऱ्याचाही हक्क असतो म्हणे.

"अवं पण मग मले उन्हाळ्यात काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. माझंही वऱ्हाडी मग असं बाहेर येतं.

"तू दारातूनच वरडत आली. मंग मी काय सांगू तुले?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती दुखावली होती, ते दिसत होतं. "दिवाळीभर तुमी दोघं माह्या घरात पोलिसावानी फिरून राहिले. कप मोजून राहिले, दाराआड उभे राहून राहिले. मले काय दिसत नाई? अरे, कथेतला हवालदारबी आधी इचारते, बाई, तुमी दुपारी कुठी होत्या. तुमी मले एक डाव तरी इचारलं?"

आपांना काहीच माहीत नव्हतं, त्या सुईत दोरा ओवत होत्या.

"खुनी सांगा आता," आई म्हणाली.

आपा म्हणाल्या जावई. त्या सगळ्या कथांत जावयालाच धरतात. मी म्हटलं स्वयंपाकी. आई म्हणाली डॉक्टर. भाऊ मात्र हळूच म्हणाला, "काकू. कंदिलात दिवाच नव्हता, तरी तो वर चढवायची घाई तिलाच होती."

आईनं हिरवा दोरा कापला आणि शेवट वाचला. काकूच निघाली.

"पाह्य बरं," आईनं चष्मा काढला. "पुस्तकातली काकू तुले बराबर सापडली. घरातली माय नाई सापडली."

भाऊ रडला. चाळिशी ओलांडलेला, मिशीवाला माणूस, आपांसमोर रडला. आईनं त्याच्या हातात चिवड्याची वाटी दिली आणि खिशाकडे बोट करून म्हणाली, "तो कागद काय हाये, ते मले पयल्या दिवशीच समजलं होतं. तुह्या शर्टाचं कापड लय पातळ हाये."

तो एकटाच पुण्याला गेला. गेल्या आठवड्यात मी अमरावतीला शाळेच्या स्टाफरूममध्ये बसले होते, तर त्याचा फोन.

"ताई, आई फोन उचलत नाहीये."

"किती वाजून राहिले?"

त्यानं दुपारचे तीन वाजल्याचं सांगितलं. मग मला त्याचं हसू ऐकू आलं.

"पिठात असन," तो म्हणाला. "वाचू दे तिले."