पेपरात नाव आलं म्हणून मी पेढे वाटले

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. साधं अक्षर ओळखतो, पण जोडाक्षर आलं की चिखलात बसलेल्या बैलासारखा बसतो. बायको माझी चौथी पास. घरात आलेला कागद तीच वाचायची अन् त्यातलं मला काय सांगायचं, काय नाही, हेही तीच ठरवायची. तिला जाऊन दोन वर्षं होतील आता. तेव्हापासून घरात कागद आला की मी तो उलटा-सुलटा करतो अन् उशीखाली ठेवून देतो.

आणीबाणी संपून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. नागपुरात सक्करदऱ्याच्या अलीकडे आमची विणकरांची वस्ती. बाकीच्यांचे माग होते, माझी रंगाची भट्टी होती. सुताच्या लड्या मी रंगवायचो. माझ्या लाल रंगाला इतवारीच्या बाजारात नाव होतं. हौदातलं उरलेलं पाणी नालीत सोडायचो. नाली जायची विहिरीच्या अंगावरून. विहीर सहा घरांची.

आधी पाणी जरासं लालसर झालं. वर्षभरात सरळ सरबत. मग बायका डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन दूरच्या सरकारी नळावर जाऊ लागल्या. माझीही जायची. जाताना एकदा बोलायची, येताना एकदा.

"विहिरीत रंग उतरून राहिला, पाहता का नाही?"

"माझा रंग पक्का आहे वं. उतरत नाही."

"लुगड्यावर पक्का असंल. विहिरीत उतरला."

"मंग काय भट्टी बंद करू?"

"बंद कराले कोण म्हणते? खड्डा खणा, पाणी त्यात सोडा. पण तुमाले रंगाशिवाय दुसरं काही येते का?"

दीड वर्ष हेच चाललं. मी काही खड्डा खणला नाही. खरं सांगतो, आळस होता. अन् बायकोचं ऐकून खणला म्हणतील, ही लाजही होती.

एक दिवस पँट-शर्टवाला माणूस आला, हातात बाटल्यांची पेटी. तेव्हा विणकरांच्या सोसायटीत बोलणं होतं, की सरकार चांगले रंगारी निवडणार, नमुने दिल्लीला नेणार. मला वाटलं, आला तो माणूस. त्याने नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, अन् बाटली घेऊन सरळ नालीपाशी वाकला.

मी म्हटलं, "साहेब, तिथलं नका घेऊ. फिकं आहे."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मी हौदाचं बूच काढलं. ताजा लाल असा सळसळत नालीत आला, की मलाच भरून आलं.

"हे भरा. असा लाल अख्ख्या नागपुरात भेटणार नाही तुमाले."

त्याने तीन बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, माझी सही घेतली. बायकोने चहा केला. त्याच्या कपात साखर जरा जास्तच टाकली, ते मी पाहिलं. पण म्हटलं, पाहुणा आहे.

महिन्या-दीड महिन्याने टपरीवाला ओरडला, "काकाजी, नाव आलं तुमचं पेपरात!" मी धावतच गेलो. लांबलचक यादी होती. त्यात माझं नाव, बापाचं नाव, वस्तीचं नाव. एवढं मला वाचता आलं. यादी कशाची, ते वरच्या ओळीत होतं अन् ती ओळ सगळी जोडाक्षरांची. चारचौघांत विचारायची लाज वाटली. पेपर उचलला, घरी आलो, बायकोच्या हातात दिला.

तिने वरपासून खालपर्यंत वाचलं. घडी घातली.

"आलं खरं नाव," म्हणाली. "पेढे आणा. विहिरीवरच्या सगळ्या घरी द्या. स्वतःच्या हातानं द्या."

मी गेलो गा! धुतलेला सदरा घालून घरोघरी गेलो. बाया तोंडाला पदर लावून पेढा घ्यायच्या. मला वाटलं, मान देऊन राहिल्या. तिसऱ्या घरच्या म्हातारीने दोन उचलले अन् म्हणाली, "असंच नाव निघत राहो गा तुह्यं."

घरी आलो तर बायको म्हणते, "बसा आता. वरची ओळ वाचून दाखवते."

सांडपाणी नाल्यात सोडून पाणी दूषित करणाऱ्यांवर सरकार कारवाई करणार. त्यांची ती यादी.

माझं डोकंच फिरलं. "मंग पेढे काहून वाटाले लावले?"

"सहा घरच्या बाया तुमच्यापायी नळावरून पाणी आणून राहिल्या. त्यांनी एक पेढा तं खावा तुमच्या हातचा."

दोन दिवस मी घराबाहेर निघालो नाही. तिसऱ्या दिवशी नोटीस आली अन् पाणी तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात जावं लागलं. तिथला साहेब शांत होता. मी टेबलावर हात आपटला, "कोणी लावली चुगली? नाव सांगा!"

"नाव नाही लिहिलेलं," तो म्हणाला. "पोस्टकार्ड आहे. ऐका." अन् त्याने वाचलं: "रंगारी माणूस वाईट नाही, पण घरच्यांचं ऐकत नाही. त्याला दम द्या. भट्टीला सील मात्र लावू नका. घरी खाणारे पाच जण आहेत अन् त्याला दुसरं काही येत नाही."

मी हात टेबलावरून उचलला.

साहेबाने विचारलं, "ओळखलं का कोण ते?"

"नाही," म्हटलं. "किती दिवसांत खड्डा पाहिजे?"

त्याने महिना दिला, मी आठ दिवसांत खणला. नालीचं तोंड फिरवलं. घरी कार्डाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनेही विचारलं नाही, की ऑफिसात काय झालं. फक्त मी खणत असताना येऊन म्हणायची, "अजून खोल. तुमचा रंग पक्का आहे ना?"

विहीर आम्ही दोनदा उपसली. मग एक पावसाळा गेला. पेपरात पुन्हा कोणी माझं नाव छापलं नाही. घाण केली तेव्हा छापलं, निस्तरली तेव्हा नाही. मी जाऊन साहेबाला म्हटलंही, तर तो नुसता हसला.

दिवाळीच्या आधी एका सकाळी तिने मला विहिरीवर बोलावलं. बादली वर काढली. पाणी असं, की बादलीचा तळ दिसत होता. तिने लोटा भरून माझ्यापुढे धरला.

"प्या."

मला भीती वाटली. रंगात काय काय असते, ते मलाच ठाऊक. म्हटलं, "पहिले तू पी."

"मी तं आठ दिवसांपासून पिऊन राहिली," ती म्हणाली. "काही झालं नाही मले. म्हणून तं तुमाले बोलावलं."