उघाडीवर परका माणूस पाहिजे

“उचल ना बे. तुमाले कायची लाज?”

हे मला माझ्याच बोलीत ऐकवलं गेलं. समुद्राच्या काठी. आमच्या दिग्रसपासून इतक्या लांब, की तिथं मी ‘मले’ म्हटलं तरी पोरं तोंड दाबून हसायची. त्या अख्ख्या खाडीवर वऱ्हाडी बोलणारी माणसं तीनच. मी, माझी माय आणि आमचा मॅनेजर. वाक्य मॅनेजरचं होतं.

समोर बांध. बांधाच्या आत ओहोळ, त्याच्या काठाला चिखल. चिखलावर मेलेले मासे. बोटाएवढे, हाताएवढे, पांढरी पोटं वर करून पडलेले. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. बांधावर कोळ्यांचं अर्धं गाव उभं. सरकारी माणूस पंचनाम्याला आलेला, नाकाला रुमाल लावून. आणि मॅनेजरनं माझ्या पायाशी टोपली फेकली.

त्याच्या आधी तो पंचनाम्यावाल्याशी शुद्ध भाषेत बोलत होता. म्हणाला, “हा पोरगा यवतमाळचा आहे. तिकडे पाणी दिसलं की अडवायचं, एवढंच यांना ठाऊक. खारं काय, गोडं काय, भरती काय, याला काही कळत नाही. दार लावून बसला. मासे मेले. आमचीच चूक, असला माणूस ठेवला.”

लोक माझ्याकडे पाहू लागले. कोणी शिवी घातली. मग तो माझ्याकडे वळला, भाषा बदलली आणि ते वाक्य बोलला. तुमाले. तुले नाही. तुमाले.

एका शब्दात त्यानं माझं सगळं खानदान त्या चिखलात उतरवलं. कोळ्यांना त्यातलं काही कळलं नाही. माझ्या आडनावावरून त्यांना जात ओळखता येत नव्हती. त्यांच्यासाठी मी ‘घाटावरचा’. एवढंच. त्या किनाऱ्यावर मला ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्याच जिल्ह्याचा होता.

आता हे सुरुवातीपासून सांगतो.

कापसाची ती वर्षं. आम्हाला जमीन नाही. आमचं पोट दुसऱ्याच्या कापसावर. वेचणी निघाली तर चूल पेटणार. त्या वर्षी बोंडं उघडलीच नाहीत. आतून अळीनं खाल्लेली, काळी, कडक. माय वावरात जायची आणि रिकाम्या ओटीनं परत यायची. दिग्रसच्या जिनिंगमध्ये मी रुईच्या गाठी उचलायचो, तिथंही एक दिवस फाटक उघडलं नाही.

बोरी अरबच्या बाजारात हा मॅनेजर भेटला. यवतमाळ शहरातला. बाप, आजा सगळे कचेरीत नोकरीला असलेल्या घरातला. इस्त्रीचा शर्ट. कोकणात एका शेठच्या कोळंबी प्रकल्पावर तो कामाला होता आणि माणसं न्यायला आला होता. चहा पाजला. म्हणाला, आपण एकाच जिल्ह्याचे, मी आहे ना तिथं. नाव विचारलं. पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकलं आणि हसला. मला वाटलं आपुलकीनं हसला.

आज विचारतो, काहून हसला?

माय आणि मी गेलो. मायला तळ्यांवर काम, कोळंबीला खाद्य टाकायचं, तळाचा गाळ काढायचा. मला उघाडीवर बसवलं.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. बांधाच्या बाहेर खाडी, आत ओहोळ आणि शेतं. दोन दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत लाकडी फळ्या एकीवर एक. फळ्या काढल्या की भरतीचं खारं पाणी आत येतं. काढलेल्याच राहू दिल्या की ओहोटीला ते बाहेर जातं. फळ्या टाकल्या की आतलं पाणी आतच. काम एवढंच. पण त्या गावाचं सगळं पोट त्या फळ्यांवर.

गावाची रीत वेगळी होती. भात कापून झालं की दार मोकळं सोडायचे. भरतीबरोबर मासा आत यायचा, चरायचा, ओहोटीबरोबर परतायचा. जाताना दाराशी लावलेल्या जाळ्यात सापडायचा. ज्याची पाळी त्याचं जाळं. बायका आतल्या चिखलात गुडघ्यापर्यंत उतरून निवट्यांसारखे चिखलातले मासे आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायच्या. घरात खायला, उरलं तर बाजारात. दारावर पूर्वीपासून गावातलाच माणूस.

शेठनं ती रीत मोडली. बांधाच्या आत त्यानं जमिनी घेतल्या, तळी खणली. तळ्यांत पंपानं सतत खारं पाणी लागायचं. म्हणून आतला ओहोळ कायम भरलेला पाहिजे. खांबावर तांबडी रेघ मारली. मॅनेजरचा फोन यायचा, भरती आली, फळ्या काढ. पाणी रेघेला लागलं, फळ्या टाक. मासा आत आला तो आतच. वरून तळ्यांचा गाळ, उरलेलं खाद्य, औषधं, सगळं त्याच ओहोळात. दाराशी जाळं लावायचं तर दारातून वाहायला काही उरलंच नाही.

पहिले काही दिवस मला बरं वाटलं. खरंच. आमच्याकडे पाणी अडवणाऱ्याला पुण्यवान म्हणतात. गावोगाव भिंतींवर तेच लिहिलेलं. मी भरलेला ओहोळ पाहायचो आणि वाटायचं, एवढं पाणी आमच्या नाल्याला असतं तर. पण हे पाणी पिता येत नव्हतं, शेताला देता येत नव्हतं. ते फक्त शेठचं होतं. हे कळायला शिक्षण लागत नाही. आठवडाभर वास घेतला की कळतं.

हिराबाई नावाची कोळीण रोज यायची. पन्नाशीची, काटक, कमरेला टोपली बांधलेली. बांधावर उभी राहून पाण्याकडे पाहायची आणि रिकामी परत जायची. माझ्याशी बोलायची नाही. एकदा बोलली.

“दार तू लावतस, पोरा. पन लावायला कोन सांगतं, ता बोल.”

मी म्हणालो, मालक सांगतात.

“ता आमाला कधी सांगशील, चारचौघांत?”

ती हसली आणि गेली. ते हसणं मला टोपलीपेक्षा जास्त लागलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

लागला तो शेठ आला तेव्हा. शेठ आणि मॅनेजर उघाडीवर उभे. मी फळी धरून मध्ये. मी तिथं आहे याची दोघांना काही पडलेली नव्हती. शेठनं विचारलं, गावातलाच माणूस का नाही ठेवला, कुरकुर कमी झाली असती. मॅनेजर म्हणाला, “गावातला नको. त्याच्या बायकोला मासे लागतात, तो दार उघडेल. परका बरा. याला इथं ना मावशी ना मेहुणा.”

शेठला पटलं. मान हलवून गाडीत बसला.

मी तिथंच उभा. हातात फळी. मग बोरी अरबचा चहा आठवला. एकाच जिल्ह्याचे. मी आहे ना तिथं. आम्हाला काम येतं म्हणून आणलं नव्हतं. आमचं तिथं कोणी नाही म्हणून आणलं होतं. कापूस बुडाला, पोट रिकामं झालं, अशी माणसं स्वस्तात मिळतात आणि दुसऱ्याच्या पोटावर बसवता येतात. एका उपाशी गावाला दुसऱ्या गावाच्या दारावर राखणीला ठेवायचं. ही युक्ती कोणाच्या डोक्यातून निघते? ज्याच्या घरात ताट कधी रिकामं नव्हतं, त्याच्या.

मी मॅनेजरला म्हणालो, पाणी कुजून राह्यलं साहेब, मासे वर येऊन राह्यले. निदान एक ओहोटी दार मोकळं सोडू. तो म्हणाला, रेघ पाहायची, मासे नाही. रेघेखाली पाणी गेलं तर तू आणि तुझी माय दोघं गाडीत.

चार फळ्यांमागे मायची भाकर होती. मी फळ्या काढल्या नाहीत.

मग उन्हाचा तडाखा लागला आणि सकाळी ओहोळ पांढरा झाला.

तिथून पुढचं तुम्हाला सांगितलं. टोपली, रुमाल, गाव, आणि ते वाक्य.

तुमाले कायची लाज.

हे कुठून आलं ते मला ठाऊक होतं. माझ्या आज्याच्या काळापर्यंत आमच्या गावात कोणाचंही ढोर मेलं की निरोप आमच्या घरी यायचा. ओढून न्यायचं, गावाबाहेर टाकायचं. ढोर जिवंत असताना दूध त्यांचं, शेण त्यांचं. मेलं की आमचं. आज्यानं दीक्षा घेतली आणि परत आला, त्यानंतर एका मोठ्या घरचा बैल मेला. निरोप आला. आजा ओट्यावर बसून राहिला. दुसरा निरोप आला. आजा बसून राहिला. बैल फुगला, गाव नाक दाबून फिरलं, शेवटी त्यांच्याच पोरांनी दोर लावला. त्यानंतर आमच्या वस्तीला कोणी कामाला बोलावलं नाही, विहिरीच्या वाटेवर काटे टाकले. तरी आजा पुन्हा कधी वाकला नाही. हे माझ्या मायनं मला भाकरी थापता थापता सांगितलेलं. कितीदा तरी.

मॅनेजर त्याच जिल्ह्यातला. त्याला हे सगळं ठाऊक. म्हणून तर त्यानं बाजारात आडनाव विचारलं होतं. परका माणूस पाहिजे होता, आणि वेळ आली तर मेलेलं उचलायला लावता येईल असा परका पाहिजे होता. दोन्ही एकातच सापडलं. हसणार नाही तर काय.

मी वाकलो. हात टोपलीपर्यंत गेला. तेवढ्यात गर्दीतून मायचा आवाज आला. मोठा नाही. घरात बोलावं तसा.

“सीधा उभा राह्य.”

मी उभा राहिलो.

तिचे हात मिठानं फाटलेले होते, तळ्यातल्या गाळानं काळे पडलेले. पुढं आली नाही, रडली नाही. जागेवर उभी. मी तिच्याकडे पाहिलं आणि मग पंचनाम्यावाल्याकडे वळलो. हिराबाईसुद्धा तिथंच होती, रिकामी टोपली कमरेला.

मी म्हणालो, “फळ्या मी टाकल्या. टाकायला यांनी सांगितल्या. रोज सांगतात. पाणी सोडू द्या म्हणालो, तर काढून टाकीन म्हणाले. मासे यांनी मारले. यांनीच उचलावे.”

मॅनेजरचं तोंड लाल. पंचनाम्यावाल्यानं रुमाल खाली घेतला आणि मला विचारलं, “तुझ्याकडे लेखी काही आहे का?”

फोनवर सांगितलेलं लेखी कसं असणार? त्यालाही ठाऊक होतं. विचारताना तो माझ्याकडे नाही, मॅनेजरकडे पाहत होता. पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, गरमी फार आहे, त्यानं मासे मरतात. शेठच्याच गाडीतून परत गेला. मी गाडीकडे पाहत राहिलो. त्या दिवसापासून मी पंचनाम्याला आलेला माणूस कोणाच्या गाडीतून उतरतो ते आधी पाहतो.

आमची गाठोडी खोलीबाहेर आली. कोणी जय म्हटलं नाही, कोणी खांद्यावर घेतलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आता मी ज्या संघटनेत आहे तिच्या पत्रकांत असल्या गोष्टींच्या शेवटी सगळे गरीब एक होतात. तसं झालं नाही. गावातल्या कित्येकांच्या जमिनी शेठनं भाड्यानं घेतल्या होत्या, त्यांनी माना फिरवल्या. हिराबाई रस्त्यापर्यंत आली. मायच्या हातात सुक्या बोंबलाची पुडी ठेवली आणि मला म्हणाली, “बोललास. पन उशिरा बोललास. तू जाशील, आमाला हितंच ऱ्हायचाय.”

खरं बोलली. पुढं कळलं, माझ्या जागी उमरखेडकडचा एक पोरगा बसवला. तोही परका. तांबडी रेघ तशीच.

परत आल्यावर मी मजुरांच्या संघटनेत गेलो. पत्रकं वाटली, लिहिली, भाषणं केली. दिग्रसच्या एका सभेत मला ही गोष्ट सांगायला उभं केलं. स्टेजवर चढण्याआधी आमच्याच एका पुढाऱ्यानं बाजूला घेतलं. म्हणाला, मजुरांचं सांग, शेठचं सांग, ते उचलण्याबिचलण्याचं राहू दे. जात मध्ये आली की लोक फुटतात.

मी त्याला विचारलं, भाऊ, मॅनेजरनं आणली तेव्हा तुम्ही कुठं होता? मग स्टेजवर जाऊन पहिलं वाक्य तेच बोललो. उचल ना बे. पुढच्या रांगेतले काही उठून गेले. कोण कोण उठलं ते मी पाहून ठेवलं.

आता पुन्हा बोंडं काळी पडली आहेत. आणि मॅनेजर बोरी अरबच्या बाजारात परत दिसला आहे. तोच इस्त्रीचा शर्ट. पोरांना चहा पाजतो. एकाच जिल्ह्याचे म्हणतो. पूर्ण नाव विचारतो.

येत्या बाजारी मी त्या चहाच्या टपरीसमोर उभा राहणार. माय पण येणार आहे. कोणाला जाऊ नका म्हणणार नाही. रिकाम्या चुलीसमोर तसं म्हणायचा मला हक्क नाही. फक्त एक सांगेन. तुले काम देऊन राह्यला, तर विचार त्याले, गावातला माणूस काहून नको? आणि गेलास, तर पहिल्याच दिवशी गावाला जमवून सांग की दार लावायला कोण सांगतं. मासे मरायची वाट पाहू नको. मी पाहिली.

तो मला ओळखेल. ओळखू दे. त्याच्यासमोर, भर बाजारात, त्याचं नाव घेऊन मी हे सांगणार आहे. आडनावासकट. पूर्ण.