शंभर टक्के

व्यंकट उदगीरचा, मी देवणीचा. एकाच दिवशी भरती झालो, एकाच प्लाटूनमध्ये आलो. पोस्टिंग उत्तरेच्या सरहद्दीवर, गोठलेल्या नाल्याकाठच्या चौकीवर. रोज पेट्रोलिंग, रोज हत्यारं साफ करणं आणि रोज व्यंकटचं "शंभर टक्के".

मी त्याच्यावर जळायचो. वाट कुठली धरायची, हवा कशी राहील, असं सुभेदार साहेबांनी विचारलं की मी म्हणायचो, "बहुतेक." व्यंकट म्हणायचा, "शंभर टक्के, साब." चुकायचा तोही, पण साहेब बघायचे त्याच्याकडंच. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. त्याला नायकची फीत लागली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

एका दुपारी नाल्यापलीकडच्या आपल्याच चौकीला रेडिओच्या बॅटऱ्या पोचवायच्या होत्या. पूल लांब पडत होता. व्यंकटचा हिशोब असा: सकाळी खेचरं बर्फावरूनच गेली, खेचर माणसाहून जड, म्हणजे बर्फ आपल्याला पेलणार. ऐकायला चोख. मी म्हणालो, सकाळी बर्फ कडक होता, आता ऊन लागलंय, बहुतेक पेलणार नाही.

"पक्का?" साहेबांनी मला विचारलं.

"पक्का नाही, साब."

"व्यंकट?"

"शंभर टक्के."

रेडिओवर निरोप गेला, "नाला पार कर रहे हैं, ओव्हर." कमरेला दोर बांधून व्यंकट स्वतः पुढं निघाला. मध्यावर बर्फ फुटला. खाली पाण्याला ओढ जबर, दोर बर्फाच्या कडेला अडकला. बाहेर काढला तेव्हा श्वास नव्हता. खालून बर्फ खरवडून दोन्ही हातमोजे बोटांशी फाटले होते.

पार्थिवासोबत उदगीरला मी आलो. रस्ता माणसांनी भरला होता. खोटं कशाला सांगू, माझ्यासाठी एवढी माणसं आली असती का, हेच तिथंही मनात आलं.

सगळे पांगल्यावर त्याच्या आईनं मला जवळ बसवलं. "लेकरा, तू हुतास ना तिथं. लई तरास झाला का रं त्याला?"

ते हातमोजे डोळ्यांपुढं आले. जिभेवर आलेलं 'बहुतेक' गिळलं.

"न्हाई, मावशी. शंभर टक्के न्हाई."

तिनं मान हलवली आणि सकाळपासून पहिल्यांदा पाणी प्यायली. तोवर माझ्या शब्दावर इतका भरवसा कुणी ठेवला नव्हता.

आता मी पेन्शनवर आहे. वर्षातून एकदा तिच्याकडं जातो. ती व्यंकटच्या फोटोला हार घालते आणि तेच विचारते. मी तेच सांगतो, त्याच्याच आवाजात.