साडूचा कान

ज्याला स्वतःला एक गाणं शेवटपर्यंत वाजवता येत नाही, आणि तरीही ज्याच्या हाताखालून गेलेली प्रत्येक गिटार शहाण्यासारखी बोलायला लागते, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. दुसरा कोणी असता तर मी चारचौघांत त्याचं तोंड भरून कौतुक केलं असतं. पण साडूचं कौतुक करणं निसर्गाच्या नियमात बसत नाही. एकाच घरच्या दोन जावयांना सासूबाई शेजारीशेजारी पाटावर बसवतात, त्या केवळ तुलना सोपी जावी म्हणून. मी थोरला जावई. केंद्र सरकारात नोकरी, सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर, आणि दर काही वर्षांनी सरकारला आठवण झाली की भिंतींना चुना. तो धाकटा. गुडगावच्या शेतांत काचेच्या इमारती उगवायला लागल्या, त्या नव्वदीच्या वर्षांत तो पुण्याहून आला आणि एका खाजगी कंपनीत लागला. त्याच्या ऑफिसात खुर्च्या गोल फिरायच्या. आमच्या मंत्रालयात फक्त फायली फिरायच्या. त्याला कंपनीची गाडी मिळाली, मी बसची वाट पाहत राहिलो. त्याच्या घरी फोन आला तेव्हा आमचा अर्ज अजून कुठल्यातरी टेबलावर विश्रांती घेत होता. हे सगळं मी मोठ्या मनाने सोसलं. पण गिटार माझी होती.

म्हणजे सासरी गिटार वाजवणारा जावई म्हणून माझी ओळख होती. कॉलेजात असताना पुण्यात घेतलेली ती गिटार मी दिल्लीला मांडीवर घेऊन आलो होतो. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी माझा कार्यक्रम असे. डाव्या हाताच्या बोटांवर घट्टे पडले होते, आणि पहिलवानाने कान दाखवावेत तसे मी ते पाहुण्यांना दाखवत असे. पहिल्याच दिवाळीत साडू जोडीने फराळाला आला, तेव्हा बायकोने आग्रह केला म्हणून (म्हणजे मी तिला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून) मी वाजवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साडूने वाजवल्या नाहीत. त्याने गिटार हातात घेतली, एक डोळा मिटला, आणि सुतार फळी बघतो तशी तिच्या मानेवरून नजर टाकली.

"दादा," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही हिला वाजवत नाही. हिच्याशी कुस्ती खेळता."

दिवाळीसाठी पुण्याहून आलेल्या सासूबाई हसल्या. मी ते हसणं अजून विसरलेलो नाही.

त्याचा कान हा एक स्वतंत्र प्राणी होता, आणि साडू फक्त त्याला फिरायला नेई. लाकूड दिसलं की बोटाच्या पेराने ठोकून ऐकायचं, ही त्याची सवय. करोल बागेत एका लग्नघरी नव्या जोडप्यासाठी घेतलेलं कपाट पाहायला सगळे जमले होते. ह्याने त्यावर टकटक केली आणि दाराला कान लावला. मुलीचे वडील घाबरून म्हणाले, "सागवान ही है जी, बिल्कुल असली." हा म्हणाला, "नहीं नहीं अंकल, आवाज़ बहुत अच्छी है." त्यानंतर ते गृहस्थ लग्नभर ह्याला पुन्हा पुन्हा जिलबी वाढत होते. मी आहेर घेऊन गेलो होतो, मला कोणी पाणीही विचारलं नाही. त्याच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबांनी एकदा आपली गिटार चकचकीत करायला पाठवली. ह्याने ती तशीच परत नेऊन दिली आणि सांगितलं, "सर, चमक हवी असेल तर गाडीला करा. हिच्यावर जाड वार्निश बसलं तर हिचा श्वास कोंडेल." एवढं बोलून माणसाची नोकरी जायला हवी. साहेबांनी त्याला घरी जेवायला बोलावलं. आमच्या साहेबांना मी "पंखा जरा हळू करू का" असं विचारलं, तर त्यांनी माझं जुनं सगळं काम तपासायला काढलं होतं.

पण खरा कळस हाडांचा. गिटारच्या तारा दोन टोकांना ज्या पट्ट्यांवर टेकतात, त्या स्वस्त गिटारींत प्लॅस्टिकच्या असतात. साडूचं म्हणणं, प्लॅस्टिकवरून सूर घसरतो, हाडावरून आत उतरतो. म्हणून तो जुन्या दिल्लीतून म्हशीचं हाड आणायचा, ते उकळून स्वच्छ करायचा आणि घासून घासून त्याची पट्टी बनवायचा. एकदा सासूबाई पुण्याहून आलेल्या असताना त्याने पातेलं गॅसवर ठेवलं. माझ्या मेव्हणीने झाकण लपवायचा प्रयत्न केला, पण सासूबाईंनी ते उचललंच. मी मनातल्या मनात पुढे सरकून बसलो. ह्याच बाईंनी, माझ्या घरी चतुर्थीला आमटीत लसणाचा वास आला म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद केलं होतं. त्यांनी आत पाहिलं. साडूने पट्टीचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढं हाताने करता होय? मग हे पातेलं वेगळं ठेवा बाई, आणि खिडकी उघडा." बस. इतकंच. त्या दिवशी मला कळलं की न्याय ही गोष्ट सासरी मिळत नाही.

त्याचा फ्लॅट म्हणजे गिटारींचं इस्पितळ होतं. बाहेर मोहरीची शेतं, अर्धवट रस्ते, दिवसातून कितीतरी वेळा जाणारी वीज. आणि आत सगळ्यांत गार खोलीत, भिंतीला टेकून, लोकांच्या गिटारी. हिवाळ्यात हवा कोरडी पडली की साबणाच्या डबीला भोकं पाडून, त्यात ओला स्पंज घालून तो प्रत्येकीच्या पोटाशी ठेवायचा. मेव्हणी म्हणायची, "मला ताप आला तेव्हा ह्यांनी आधी खोलीतल्या हवेला हात लावून पाहिला, मग माझ्या कपाळाला." पण हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नसायची. माझी बायको मात्र हे ऐकून माझ्याकडे बघायची. का, ते मला कधी कळलं नाही.

त्याच्याकडे गिटार द्यायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. अडचण माझ्या मुलीची होती. सई तेव्हा शाळेत होती, दिल्लीतच वाढलेली. तिला शिकायचं होतं, पण तारा दाबता यायच्या नाहीत. "बाबा, बोटं कटतात यार," म्हणून ती रडवेली व्हायची आणि मी सांगायचो की सगळ्यांचीच कटतात, तपश्चर्या म्हणतात ती हीच. "काकांकडे देऊ या ना," ती म्हणायची. मी विषय बदलायचो. एकदा बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "नाही देणार ते. तुझ्या बाबांना काकांचा हेवा वाटतो."

"हेवा म्हणजे?" सईने विचारलं. दिल्लीतल्या आमच्या मुलांचे मराठी शब्द असे मधूनमधून गळालेले असतात.

"बाबांनाच विचार," बायको म्हणाली. मी पेपर वाचत होतो, तो वाचत राहिलो.

शेवटी उन्हाळ्यानेच माझा पराभव केला. आमच्याकडे खिडकीत कूलर होता, दिवसभर ओली हवा फेकणारा, आणि त्याच्या समोरच गिटार टांगलेली. बाहेर लूचा भाजणारा वारा, आत दलदल. पावसाळा येईपर्यंत तिचं पोट फुगलं आणि तारा इतक्या वर चढल्या की मलाही दाबता येईनात. गणेशोत्सव तोंडावर आला होता. एका रविवारी सकाळी मी गिटार चादरीत गुंडाळली आणि सईला घेऊन गुडगावची बस पकडली.

साडूने "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हणायला हवं होतं; मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो तसं काही बोलला नाही. त्याने आधी मला वाजवायला लावलं आणि गिटारकडे न बघता माझ्या हातांकडे बघत बसला. मग तारा सैल करून एक पोलादी पट्टी मानेवर ठेवली आणि मला बोलावलं. "ही फ्रेट बघा," मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी एकीवर बोट ठेवून तो म्हणाला. "ही एकटी वर आलीये. तार हिला घासून घरघर करत असणार. कधीतरी कुठल्या दुकानात दिली होती?"

"कॉलेजात असताना," मी म्हणालो.

"त्या दुकानदाराने हिला खाली बसवायच्या ऐवजी सगळ्या तारा वर उचलल्या. एका भांडखोर भाडेकरूसाठी सगळ्या कॉलनीने घर सोडावं, तसं झालं. मग कूलरने आणखी उचलल्या. इतकी वर्षं तुम्ही ही अशी वाजवलीत?"

त्याच्या आवाजात आदर होता. माझे घट्टे, माझी तपश्चर्या, सगळं एका वर आलेल्या पट्टीचं कर्तृत्व होतं, हे कळल्यावर त्या आदराचं काय करावं ते मला समजेना.

त्याने ती फ्रेट ठोकून बसवली, बाकीच्या घासून एका पातळीत आणल्या. मग हाडाची पट्टी हातात घेऊन तो थांबला. "आता सांगा दादा, कोणासाठी लावू? तुमचा हात जड आहे. तुमच्यासाठी लावायची तर तारा थोड्या वर हव्यात, त्यांना नाचायला जागा लागते. आवाज भरदार येईल, पण सईला जड जाईल. तिच्यासाठी खाली आणल्या तर बोटांना सुख, पण तुम्ही जोरात वाजवलंत की घरघरणार."

"दोघांसाठी लावा," मी म्हणालो.

"मधलं काढलं तर दोघांचंही होत नाही. एक काहीतरी ठरवावं लागतं."

सई माझ्या शेजारी उभी होती. तिने आपली बोटं मुठीत लपवली. मला माझा गणेशोत्सव दिसत होता, समोर बसलेलं सगळं मंडळ दिसत होतं. "तिच्यासाठी," मी म्हणालो. साडूने मान हलवली आणि घासायला सुरुवात केली. संध्याकाळी सईने त्या गिटारवर पहिल्यांदा सगळ्या तारा एका दमात दाबल्या. सूर स्वच्छ आला. ती माझ्याकडे बघून हसेल असं मला वाटलं होतं. ती काकांकडे बघून हसली.

मंडळाच्या कार्यक्रमात मी नेहमीच्या जोराने पहिला हात मारला आणि गिटार भांड्यासारखी खडखडली. पुढच्या रांगेत साडूने डोळे मिटून घेतले. मग मी हात हलका केला. आयुष्यात पहिल्यांदाच, भीतीपोटी का होईना, हळू वाजवायला लागलो, आणि हॉलमधली कुजबूज बंद झाली. इतकं चांगलं मी आधी कधी वाजवलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर लोक भेटायला आले. दरवर्षी ते म्हणायचे, "छान वाजवता हो." त्या वर्षी म्हणाले, "गिटार काय छान वाजते हो."

त्यानंतर सई दर रविवारी गुडगावला जायला लागली. एकदा मी तिला आणायला गेलो तेव्हा ती त्याच्या मागे लागली होती, "काका, आज तुम्ही वाजवा ना." त्याने गिटार घेतली, एक ओळ वाजवली, दुसरीच्या मध्ये थांबला, खुंटी केसभर पिळली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला. मग हसून गिटार तिच्याकडे दिली.

"असं का करता हो?" मी न राहवून विचारलं.

"मला गिटार ऐकू येते दादा," तो म्हणाला. "गाणं ऐकू येत नाही. जरा कुठे काही हललं की तिथेच अडकतो. तुम्ही चुकता आणि तसेच पुढे जाता. ते मला नाही जमत."

ही स्तुती होती की टीका, यावर मी घरी येईपर्यंत विचार केला. बायको म्हणाली स्तुती असावी. मला त्याचाही हेवा वाटला. असं काही इतक्या साधेपणाने बोलायला मला जन्मात जमलं नसतं.

मग कंपनीने त्याला कॅनडाला पाठवलं. विमानतळावर सासूबाई रडल्या, सई रडली, आणि लोकांच्या गिटारी ज्याच्या त्याला परत करण्यात माझे पुढचे कितीतरी रविवार गेले. हेवा करायला माणूस जवळ लागतो, हे मला तो गेल्यावर कळलं. लांबच्या माणसाची नुसती आठवण येते.

गेल्या हिवाळ्यात तो आला. मी आता निवृत्त होऊन नोएडात राहतो. सई तिच्या ऑफिसातून सुट्टी घेऊन भेटायला आली होती. साडूचे केस पांढरे झालेत, गुडगावात त्याला त्याची जुनी इमारतच सापडली नाही म्हणाला. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे गच्चीत उन्हात बसलो. सईने तीच जुनी गिटार आणली आणि जुन्या सवयीने म्हणाली, "काका, वाजवा ना." मला वाटलं तो नेहमीसारखा हसून टाळेल. त्याने गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला लागला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तो थांबला नाही. अडखळत, चुकत, पण सगळं गाणं त्याने शेवटपर्यंत नेलं. मेव्हणी पदराने डोळे टिपत होती.

"हे कधी जमायला लागलं?" मी विचारलं.

"कान गेला, दादा," तो म्हणाला. "वरचे बारीक आवाज आता ऐकू येत नाहीत. डॉक्टर म्हणतात, वयाने होतं. आधी फार वाईट वाटलं. मग एक दिवस घरी सहज गिटार घेतली, तर पहिल्यांदाच गाणं ऐकू आलं." त्याने सईकडे पाहिलं. "अजून छान लागलेली आहे, नाही?"

सई काही बोलणार होती. मी तिच्या हातावर हात ठेवला. हाडाची पट्टी झिजली होती, आणि वरच्या तारेची घरघर मला त्याच्या प्रत्येक ओळीत स्पष्ट ऐकू येत होती.

"अगदी छान," मी म्हणालो. "आणखी एक होऊ द्या."