रुंद गळपट्टा

मी लोकरीचे दागिने करून विकते. लोकर विणायची नाही. धुऊन, पिंजून, साबणाच्या कोमट पाण्यात चोळत राहायची, म्हणजे ती आटत जाऊन कापडासारखी घट्ट होते. त्यातनं कानातली, मणी, गळपट्टे होतात. बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत घरोघरी माग. न विणता कापड होतं याचं शेजाऱ्यांना अजून हसू येतं.

ती मला बेळगावातल्या एका प्रदर्शनात भेटली. निपाणीला राहायची, तिथंच कॉलेजात शिकवायची. गळ्याला घट्ट बसणारा एक पट्टा उचलून तिनं विचारलं, "टोचणार नाही ना?"

"कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर आहे. हात लावून बघा."

"थायरॉइडचं ऑपरेशन झालंय. व्रण झाकायचाय," ती म्हणाली.

मग ती फोनवरनं पट्टे मागवू लागली. कधी हिरवा, कधी मरून. साडीचा रंग विचारून मी लोकर रंगवायची. दर वेळी ती थोडा अधिक रुंद मागायची. माझं काम तिला एवढं आवडतंय म्हणून मी खूश होते. ऐन उन्हाळ्यात तिचा फोन आला, "या वेळी हनुवटीपर्यंत येईल असा करा."

लोकर आटते, त्यामुळं एवढ्या रुंद पट्ट्याला माप नेमकं लागतं. मी तिला घरी बोलावलं. आधी तिनं टाळाटाळ केली, पण एका रविवारी आली. गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळलेला. माझ्या सासूबाईंनी चहा दिला. मी टेप घेऊन म्हटलं, "स्कार्फ काढता?"

तिनं गाठ मुठीत धरली आणि मग स्वतःच सोडली.

व्रण नव्हताच. एका बाजूला चार बोटं उमटली होती, दुसऱ्या बाजूला अंगठा. काळीनिळी. त्यांच्याखाली जुने, पिवळट पडलेले डाग.

"कुणी केलं गं हे?" सासूबाईंनी विचारलं.

"जिन्यावरनं पडले, आई."

"जिन्याला बोटं असत्यात व्हय?"

मग बसची वेळ सांगावी तशा आवाजात ती म्हणाली, "नवरा. लग्नापासनंच असं आहे. तुमचे पट्टे छान असतात हो. स्टाफरूममध्ये सगळ्या विचारतात, कुठनं घेतला."

"मी हा पट्टा करणार नाही," मी म्हटलं.

"रागावलात का?" तिनं घाबरून विचारलं.

माझ्याही रागाला ती घाबरली होती. तेवढ्यात सासूबाई तिच्याजवळ सरकल्या. "माहेरी कोण हाय तुझ्या?"

"भाऊ. चिकोडीला. त्याला काही माहीत नाही."

"मग लाव की फोन."

ती नको नको म्हणत होती. शेवटी लावला, पण भावाचा आवाज ऐकल्यावर तिला शब्द फुटेना. फोन तिनं माझ्या हातात दिला. मी जे पाहिलं होतं तेच सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "आलो."

दुपारी तो बायकोला घेऊन आला. बहिणीचा गळा बघितला आणि उंबऱ्यातच खाली बसला. "आक्का, लई चुकलीस गं. मला सांगायचं न्हाई व्हय?" असं म्हणून तो धाय मोकलून रडला. ती मात्र रडली नाही. भावजयीनं तिला हाताला धरून उठवलं. तिघंही आधी दवाखान्यात गेली, मग पोलीस ठाण्यात. त्या दिवसापासनं ती चिकोडीला भावाकडं राहते, तिथनंच बसनं कॉलेजला जाते.

पुढं बरेच दिवस मला गळ्याचं काहीच करवेना. लोकर चोळायला घेतली की ती बोटं दिसायची. मी तिला विचारून विचारून रंग जुळवले होते.

केस अजून चालू आहे. नवरा माफी मागत येतो, तिची सासू फोन करते. परवा तिनं मला फोनवर विचारलं, "परत जाऊन बघू का हो?"

"नको. अजिबात नको," मी ओरडलेच.

ती म्हणाली, "बरं. नाही जात."