शेवटचा घास

दादा जर्मनीत वोल्फ्सबुर्गला नोकरीला होता. शिकारीच्या परवान्याची परीक्षा त्याने तिथेच दिली आणि मग त्याला भिंतीवर लावायला हरणाची मोठी शिंगं हवीशी झाली. मदतीला म्हणून मला कार्ल्सरूहेहून बोलावून घेतलं. मला शिकारीत काडीचा रस नव्हता, पण दादाला नाही म्हणायची आमच्या घरात सोय नाही. अंधारातच आम्ही मचाणावर चढून बसलो.

उजाडल्यावर दादाची गोळी सुटली. थोरला नर चार उड्या मारून झुडपांत कोसळला. थोडं थांबून आम्ही खाली उतरलो. इथे शिकार केलेल्या हरणाच्या तोंडात ओकची डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. ते काम दादाने माझ्याकडे दिलं होतं. एकदाचं उरकावं म्हणून मी त्याच्या पुढे गेले.

हरणाचं पोट अजून हलत होतं. मी खाली बसून पानं त्याच्या ओठांत सरकवली. गरम श्वास बोटांना लागला. डोळा माझ्याकडे वळला, ती प्रचंड शिंगं जमिनीवरून उचलली गेली आणि मी मागे कोलमडले.

"बाजूला हो!" दादा ओरडला. मी कशीबशी लोळत सरकले. दुसरी गोळी कानाजवळ फुटल्यासारखी वाजली.

"अगं, वेड लागलंय का? जीव गेल्यावर ठेवायची असते ती!" त्याने बंदूक खाली केली.

"आपल्याकडे तुळशीपत्र जीव जायच्या आधी ठेवतात," मी म्हणाले. "बाबांच्या वेळी तू नव्हतास."