पाहुण्यांपासून लपवलेला कापूस

तुम्ही कुठे राहता, या प्रश्नाला आमच्या गावात सरळ उत्तर मिळत नाही. पुण्याला गेलेला माणूस 'जळगावचा' असतो. जळगावात गेलेला 'इथलाच, जवळचा' असतो. गावातल्या गावात कोणी विचारलंच तर तो कॉलनीचं नाव सांगतो, आणि त्या नावात हमखास 'पार्क' नाहीतर 'व्हॅली' असते. माझ्या कॉलनीच्या नावात पार्क आहे. निवृत्त होऊन इथे आल्यापासून मी तो शोधते आहे. आतापर्यंत कपाशीचं एक शेत, विजेचा वाकलेला खांब आणि कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक एवढंच सापडलं.

गाव जळगावपासून हाकेच्या अंतरावर, महामार्गाला लागून आहे. काही वर्षांपूर्वी त्याचं शहर झालं. म्हणजे ग्रामपंचायतीची पाटी उतरली, नगर परिषदेची चढली, आणि पूर्वीचे पंच आता नगरसेवक म्हणून गाडीच्या काचेवर छापून आले. नळाला मात्र ही बातमी कोणी कळवली नाही. तो पूर्वीसारखाच सवडीने येतो. महामार्गावरून आत वळताना स्वागताची कमान उभी राहिली. तिच्या उद्घाटनाला एवढी भाषणं झाली की कमानीखालचा रस्ता करायचा तेवढा राहून गेला. एका वक्त्याने आम्हाला 'महानगराचं प्रवेशद्वार' म्हटलं. महानगर म्हणजे जळगाव. ते बिचारं स्वतः पुण्याकडे तोंड करून बसलेलं असतं. आम्ही जळगावकडे तोंड करून बसतो आणि मागची खेडी आमच्याकडे. प्रत्येकाला पुढच्याची पाठ तेवढी दिसते.

हे सगळं मी एरवी सहन केलं असतं. माझी नोकरी धुळ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, घर देवपुरात होतं, आणि देवपूरकरांनाही पांझरा नदीच्या पलीकडे राहून 'आम्ही सिटीतलेच' म्हणायची सवय आहे. पण या वेळी ही शहराची हौस माझ्या भाच्याच्या लग्नाच्या आड आली, आणि तिचा त्रास थेट माझ्या बैठकीच्या खोलीत येऊन पडला.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. भावाला सगळं गाव नाना म्हणतं. मुलाने तिशी ओलांडलेली. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईच्या कारखान्यात तो सुपरवायझर आहे, आणि पाळी सांभाळून घरची केळी आणि कापूसही बघतो. दिसायला बरा, व्यसन नाही, बोलणं कमी. लग्न जमत नव्हतं. पूर्वी मित्रांच्या लग्नात पंगतीला वाढायला तो सगळ्यात पुढे असायचा. हल्ली पत्रिका आली की आहेर कोणाच्या तरी हाती पाठवून द्यायचा आणि शेतात निघून जायचा.

नकार येत ते साधारण एकाच चालीचे. मुलगा चांगला आहे, पण गावाकडे राहतो. मुलगा चांगला आहे, पण शेतीत जातो. तेव्हा भावाने ठरवलं की यापुढे आपण गावाकडे राहायचं नाही आणि शेतीत जायचं नाही. प्रत्यक्षात नव्हे, बोलण्यात.

देवपूरची मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी सोबत होते. मुलगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी, नजर सरळ, प्रश्न नेमके. भाऊ सोफ्यावर टेकायच्या आतच म्हणाला, "आम्ही जळगावचे." तिच्या वडिलांनी शेतीचं विचारलं. भाऊ हसला. "होती पूर्वी. आता कोण करतं हो शेती!" भाचा गालिच्याच्या किनारीकडे बघत राहिला. त्याच्या नखांत केळीच्या चिकाचे काळे डाग होते. ते घासून निघत नाहीत.

तरीही दोघांचं जमेल असं वाटत होतं. फोनवर बोलणं सुरू झालं. भाचा घरात शीळ घालायला लागला. मग देवपूरहून निरोप आला: रविवारी घर पाहायला येतो, मुलगीही येईल.

भावाच्या घरात कापूस होता. हे जरा सांगायला हवं. आमच्याकडे वेचलेला कापूस लगेच विकत नाहीत, भाव येईपर्यंत घरात ठेवतात. आधी पुढची खोली भरते, मग मागची. माणसं स्वयंपाकघरात सरकतात. टीव्ही कापसाच्या वर चढतो आणि पोरं त्यावर लोळून अभ्यास करतात. भाव येतो किंवा येत नाही, पण माघार घ्यायला कोणी तयार नसतं. त्या वर्षी भावाचा दिवाणखाना छताला लागला होता, आणि त्या दिवाणखान्यात 'आता कोण करतं हो शेती' म्हणणारी माणसं पाहुण्यांना बसवणार होती.

शनिवारी सकाळी माझ्या दाराशी ट्रॅक्टरची ट्रॉली येऊन थांबली.

"अक्का, दोन दिवसांचा प्रश्न आहे," भाऊ म्हणाला.

"आणि माझी पुस्तकं?"

"पुस्तकं काय खायला मागतात? राहू दे कपाटात. वरून कापूस टाकू. उलट ऊब मिळेल त्यांना."

"नाना, तू मुलीला सरळ सांगत का नाहीस?"

"सरळ सांगून किती पोरी आल्या? मोज तू."

मी मनात मोजलं आणि खुर्च्या आत ओढायला लागले. दुपारपर्यंत माझी बैठकीची खोली गेली. मी मागच्या दाराने ये-जा करू लागले. कापसात बारीक किडे असतात. संध्याकाळपर्यंत माझ्या दोन्ही हातांवर पुरळ उठलं, आणि मी खाजवत खाजवत भावाच्या दिवाणखान्यात नवे पडदे लागताना पाहत होते.

रविवारी पाहुणे आले. यायला उशीर झाला, कारण कमानीजवळ कसलं तरी भूमिपूजन चालू होतं आणि मंडप रस्त्याच्या मधोमध होता. मुलगी, आई-वडील, आणि तिचे आजोबा. आजोबा मूळचे साक्रीकडचे. मुलाने देवपुरात घर बांधलं तरी त्यांची अहिराणी बोली आणि टोपी दोन्ही साक्रीचीच राहिली होती. घरातले त्यांना आबा म्हणत.

पोहे झाले. दिवाणखाना मोठा दिसत होता. भाऊ शहराविषयी बोलत होता, म्हणजे होणाऱ्या रस्त्यांविषयी, होणाऱ्या पाण्याविषयी, होणाऱ्या बागेविषयी. सगळं होणारं. मुलीने विचारलं, "आत्ता काय आहे?" भावाने आत बघून तिला आणखी पोहे वाढायला सांगितले.

मग भाऊबंदांच्या घरी चहा. आमच्याकडे घर पाहायला आलेले पाहुणे एका घरी चहा घेऊन उठत नाहीत, त्यांना भाऊबंदांच्या घरोघरी न्यावं लागतं. कुठलं घर टाळलं की त्या घराशी काहीतरी बिनसलंय असा अर्थ निघतो. भावाने सोफासेट असलेली दोन घरं आधीच ठरवून ठेवली होती. ती झाली. माझं घर त्याच्या हिशेबातच नव्हतं. पडदे आठवले, सोफे आठवले, आणि लग्नाच्या घरात मुलाची आत्या नावाची एक बाई असते हे मात्र तो विसरला.

मुलीची आई म्हणाली, "आता आत्यांकडे. तिथे गेल्याशिवाय कसं?"

भाऊ म्हणाला, "अक्काकडे रंगकाम काढलंय. पसारा आहे सगळा."

आबा काठी टेकत उठलेही होते. "रंग व्हयना तं काय व्हयनं? आम्ही काय भीत चाटाले वनूत का?"

भिंत चाटायला कोण येतं, म्हणत पाहुणे हसले. भाऊही हसला, पण कानापर्यंत लाल होऊन. वाटेत तो माझ्या कानाशी कुजबुजला, "अक्का, मागच्या दाराने ने." मी म्हणाले, "होणाऱ्या सोयऱ्यांना मागच्या दाराने?" तोवर आबांनी पुढच्या दाराची कडी काढलीही होती.

दार आत उघडेना. आबांनी खांदा लावला. तेव्हा ते हातभर सरकलं आणि त्या फटीतून कापूस हळूहळू पायरीवर उतरला. कापूस उतरत राहिला.

"हा..." भाऊ म्हणाला, "हा अक्काचा."

पेन्शनवर जगणाऱ्या ग्रंथपाल बाईचा छतापर्यंत कापूस. आबांनी फटीतून हात घातला, मूठभर कापूस काढला, बोटांनी ताणून पाहिला आणि माझ्याकडे वळले. "हाई कोनती वेचनी शे, अक्का? पहिली का दुसरी?"

"मला माहीत नाही, आबा," मी म्हणाले. "तो माझा नाही."

भावाने माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी मी त्याची चुगली केली असती तरी त्याने तसं पाहिलं नसतं.

तेव्हा भाचा पुढे झाला. "आमचा आहे. शेती आहे आमची. केळी पण आहे. मी रोज जातो."

मुलगी पायरीवर उभी होती. तिच्या चपलेवर कापूस पडला होता, तो तिने झटकला नाही. "देवपूरला तुम्ही शेती नाही म्हणालात."

"मी नव्हतो म्हणालो. मी गप्प होतो."

"हो ना," ती म्हणाली. "तेच."

मधल्या मधे तिच्या वडिलांचा चेहरा उजळला होता, हे मला दिसलं. त्यांना शेती असलेला जावई हवाच होता, फक्त तो नोकरीवाला दिसायला हवा होता. ते आबांबरोबर भावाशी लगेच भावावर बोलायला लागले, म्हणजे कापसाच्या भावावर. "आमना वरना मजला बी भरेल शे," आबा सांगत होते, म्हणजे देवपूरच्या घराचा वरचा मजलाही कापसाने भरलेला होता. काही क्षणांपूर्वी एकमेकांना जळगाव आणि धुळे दाखवणारी माणसं माझ्या दारात कापूस हातात धरून एकदम खुशीत आली होती. लग्नाचं पक्कं झाल्यासारखीच. ज्यांचं लग्न होतं ती दोघं एकमेकांकडे न बघता उभी होती. मी स्वयंपाकघरात चहा टाकला. मुलीने तो घेतला, कप विसळून ठेवला आणि आईला म्हणाली, "निघू या."

जाताना तिच्या वडिलांनी "कळवतो" म्हटलं. आमच्याकडे याचा अर्थ नाही असा होतो.

त्यानंतरचा आठवडा भावाने माझ्यावर काढला. "तुला 'माझा' म्हणायला काय झालं होतं? एक शब्द. एवढी पुस्तकं वाचलीस, एक शब्द सुचला नाही?" भाचा काही बोलत नव्हता. तिचा फोन येत नव्हता. त्याने केला तर ती उचलत नव्हती. तो कारखान्यातून थेट शेतात जायचा आणि अंधार पडल्यावर घरी यायचा. शीळ बंद झाली होती. कापूस माझ्याकडेच होता, कारण आता तो कोणी हलवावा यावरून भाऊ आणि त्याच्या बायकोत बोलणं बंद होतं.

मग एका दुपारी तिचा फोन मला आला.

"आत्या, तुमच्याशी बोलू का? ते एकदा म्हणाले होते की आत्या खोटं बोलत नाही, म्हणून घरात तिच्याशी कोणी फार बोलत नाही."

"खरं आहे."

"तिथे राहणं कसं आहे? तुम्ही बाईमाणूस, देवपूरहून तिथे गेलात. मला जळगावात लॅबमध्ये नोकरी करायची आहे. रोज जायला-यायला कसं आहे?"

मला भावाचा आठवडा आठवला. भाच्याचा चेहरा आठवला. 'छान आहे' एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. पण तिला उत्तर हवं होतं, समजूत नको होती. मी सांगितलं. पाणी कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून नोकरीच्या वेळा पाण्याला विचारून ठरवाव्या लागतील. रिक्षावाला महामार्गावर सोडतो, आत यायला कुरकुर करतो. संध्याकाळची बस थांबेल की नाही हे बसलाही माहीत नसतं. वाढदिवस कोणाचाही असो, भोंगा आपल्या घराकडे तोंड करून असतो. शेजारीण तुझा डबा उघडून बघेल. नणंद नाही, पण भाऊबंद आहेत आणि ते नणंदेची उणीव भरून काढतील. सासरा चांगला आहे, पण शहर झाल्यापासून त्याच्याशी बोलणं अवघड झालं आहे.

"आणि ते?"

"तो गप्प बसतो. पण विचारलं की खरं सांगतो. त्याला विचारावं लागेल, दर वेळी."

पलीकडे लॅबमध्ये कुठलं तरी यंत्र घरघरत होतं.

"आत्या, मी हो म्हणणार आहे," ती म्हणाली. "बाबांचं आधीच हो आहे, पण मी त्यांना थांबवून ठेवलंय. तुम्ही कोणाला सांगू नका. तुमच्या भाच्याला तर मुळीच नको. मी सांगेन, थोडं उशिरा. समोरचा गप्प बसला की कसं वाटतं ते त्यांनाही कळू दे."

"किती उशिरा?"

"तेवढं बघते मी."

फोन ठेवला आणि मागच्या दारात भाऊ उभा. "कोण होतं?"

"विमावाल्यांची मुलगी," मी म्हणाले.

"एवढा वेळ?"

"चिवट होती."

तो पोत्यावर बसला आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागला, त्या दिवशी मी काय म्हणायला हवं होतं, आणि एक शब्द वेळेवर बोलले असते तर आज घरात सून असती. माझ्या हातांना खाज सुटली होती आणि सगळं उत्तर ओठांवर होतं. मी हात खाजवत बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.